मदत हवी आहे: नाकावरच्या कॅन्सरसाठी मोह्ज सर्जरी कोणी करून घेतली आहे का?

आईच्या नाकपुडीजवळच्या गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट आला, बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर. सर्जन म्हणतात, भोवतालची ४ मिमी चांगली त्वचा धरून काढू. नाकावर ४ मिमी म्हणजे किती, ते आरशात बघा! दुसरा पर्याय मोह्ज सर्जरीचा. फ्रेडरिक मोह्ज यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेली पद्धत: पातळ थर काढायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली त्याची संपूर्ण कड तपासायची, कॅन्सरच्या पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागी पुन्हा थर काढायचा. नेहमीच्या तपासणीत कडेचे नमुन्यादाखल काप बघतात, म्हणून मला मोह्जच पटते. भूल जागेपुरतीच असते म्हणे, पण दोन थरांमधलं ताटकळणं वयस्कर माणसाला झेपतं का? आणि जखम झाकायला शेजारची त्वचा सरकवली, तर व्रण कितपत दिसतो?