रोहूवरचा ब्रेडचा चुरा तव्यालाच चिकटतो, काय करू?

मदत हवी आहे. आम्ही अर्जुनी मोरगावकडचे. बाजाराच्या दिवशी इटियाडोह धरणाचा रोहू मासा मिळतो, रस्सा तर नेहमीचाच. पोरांना मात्र ब्रेडचा चुरा लावलेले कुरकुरीत तुकडे पाहिजेत. पहिली बाजू छान तळते, उलथन्याने पलटवलं की अर्धा चुरा तव्यावर आणि तुकडा उघडा. शिवाय काट्याजवळ मांस गुलाबीच राहते.

तुकडे बोटभर जाड, काट्यासकट. आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ, लिंबू लावून तासभर ठेवते, मग बेसनाच्या पातळ घोळात बुडवून चुऱ्यात लोळवते. मीठामुळे ताटात पाणी सुटते, ते निथळून फडक्याने टिपूनही पाहिलं. थोडा फरक पडला, पण टिपताना मसालाही निघून जाते. आच मोठी केली तर चुरा काळा, बारीक केली तर सगळा तेल पितो. रवा लावला तेव्हा तुकड्याला चिकटून राहिला, म्हणजे हात अगदीच वाईट नाही!

तवा बीडाचा आहे, नॉनस्टिक नाही. तेल सोयाबीनचं, दोन पळ्या. कढईभर तेलात तळायचं नाही. सासूबाई मासे खातात पण अंडं नाही (विचारू नका). चुरा घरचाच, टोस्ट मिक्सरमधून काढलेला, जरा जाडसर.

तर अंड्याऐवजी बेसन घट्ट करू, की आधी तांदळाच्या पिठाचा हात देऊ? आणि चुरा लावून तुकडे थोडा वेळ ठेवायचे, की लगेच तव्यावर टाकायचे?