आजोबांच्या फोटोतलं बायप्लेन: टायगर मॉथ की दुसरं काही?

लष्करकर, ग्वाल्हेर
नमस्कार मंडळी. आजोबा वायुदलात फिटर होते, त्यांच्या अल्बममधला हा फोटो. प्रिंट ६ × ९ सेंटिमीटर, मागे काही लिहिलेलं नाही. विमानापुढे सोला टोपी घातलेले चौघे. नाक निमुळतं, पंखा दोन पात्यांचा, बाजूने एक लांब नळी बैठकीपर्यंत गेलेली. शेपटीकडे ‘के’ अक्षर वाचता येतं, पुढचे आकडे पुसट आहेत. घरी सगळे याला टायगर मॉथ, म्हणजे वैमानिकांना शिकवायचं दुपंखी विमान, म्हणतात. पण विमानाच्या अंगावरच्या वायुदलाच्या खुणेच्या गोलात मधे काळा ठिपका आणि भोवती फक्त पांढरं दिसतं. पकडलेलं जपानी विमान असेल का? बाड्याजवळच्या दुकानातून ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) केलेलं स्कॅन जोडलं आहे.

जुना रिगर
जपानी नाही. तो ठिपका लाल आहे. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्मला लाल रंग दिसतच नाही, म्हणून तो काळा उमटतो. निळ्याला मात्र ती फार हळवी, त्यामुळे बाहेरचं निळं कडं पांढऱ्यात मिसळून जातं. प्रत्यक्ष आकाशातही लाल गोलामुळे जपानी विमानाशी गल्लत होण्याची भीती होती, म्हणून १९४२ मध्ये भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांवरून लाल काढला. फोटो बहुधा त्याआधीचा.

टायगर मॉथही नाही. लांब नळी त्यालाही असते, फसगत तिथेच होते. नळी सोडा, वरच्या पंखाचा मध्य बघा: टायगर मॉथची पेट्रोलची टाकी तिथे, पुढच्या बैठकीच्या डोक्यावर असते. तुमच्या फोटोत ती नाही. शिवाय खालचा पंख वरच्यापेक्षा बराच आखूड आहे आणि पोटाखाली रेडिएटर लोंबतो आहे. टायगर मॉथचं चार सिलिंडरचं जिप्सी मेजर हवेवर थंड होतं, त्याला रेडिएटर कशाला लागेल? हे हॉकर हार्टच्या घराण्यातलं विमान, इंजिन रोल्स-रॉइस केस्ट्रेल, बारा सिलिंडर.

दुपंखी
सहमत. वेस्टलँड वापिटी हे त्या काळचं दुसरं दुपंखी विमानही बाद. तिच्या नाकावर ज्युपिटर इंजिनाचे नऊ सिलिंडर गोलाकार उघडे दिसतात आणि प्रत्येक बाजूला पंखांमधल्या खांबांच्या दोन जोड्या असतात. इथे एकच आहे.

आता घराण्यातलं कोण? हार्टच्या धुराड्या आखूड. मागे लांब गेलेली नळी ही ऑडॅक्सची खूण, पण एवढ्यावर नाव लिहू नका, दुरुस्तीत असे भाग बदलले जात. चाकांच्या मधल्या दांडीवर हूक आहे का बघा. ऑडॅक्स लष्कराच्या मदतीला असे. दोन काठ्यांमध्ये ताणलेल्या दोरीला निरोपाची पिशवी बांधायची आणि विमानाने जमिनीलगत उडत जाताना ती हुकाने उचलायची. हूक दिसला तर बहुधा ऑडॅक्सच. शेपटीखालीही नजर टाका: चाक असेल तर याच घराण्यातलं हाइंड, घसरपट्टी असेल तर हार्ट किंवा ऑडॅक्स.

भारतीय वायुदलाची तिसरी स्क्वाड्रन १ ऑक्टोबर १९४१ ला पेशावरला ऑडॅक्सवरच उभी राहिली. तरी विमान ओळखलं म्हणजे आजोबांची तुकडी ठरली असं नाही. रॉयल एअर फोर्सकडेही इथे हीच विमानं होती. तुकडीसाठी सर्व्हिस बुकातल्या बदल्यांच्या नोंदीच बघाव्या लागतील.

निगेटिव्हवाला
३०० डीपीआयवर आकडे कधीच सुटणार नाहीत. विमान सुमारे ९ मीटर लांब, प्रिंटवर ते ६ सेंटिमीटर आहे, म्हणजे प्रमाण १:१५०. अंगावरचा क्रमांक ८ इंच उंच असे, तो प्रिंटवर जेमतेम १.३ मिलिमीटर. ३०० ला त्याचे १६ पिक्सेल होतात, १२०० ला ६४. तेव्हा १२०० डीपीआय, १६ बिट ग्रेस्केल (राखाडीच्या जास्त छटा), टिफ फाइल. शार्पन आणि धूळ काढण्याचं सेटिंग दोन्ही बंद. एआयने ‘स्वच्छ’ करणारी अ‍ॅप तर नकोच, ती पुसट ३ चा ठसठशीत ८ करतात आणि मग तोच खरा वाटू लागतो.

प्रिंट ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात वाळून गोल झाली असेल तर काचेखाली दाबू नका, इमल्शनला, म्हणजे चित्र असलेल्या वरच्या थराला, तडे जातात. कॅमेरा वर बांधून फोटो काढा. मागची बाजूही एका कडेने तिरपा उजेड टाकून टिपा. पेन्सिल पुसली गेली तरी तिचा दाब कागदावर राहतो.

लष्करकर, ग्वाल्हेर
१२०० ला पुन्हा स्कॅन केलं. शेपटीखाली घसरपट्टी आहे. चाकांमधल्या दांडीवरून मागे गेलेला बारीक दांडा आहे, टोक वळलेलं. क्रमांक ‘के ४८’, पुढचे दोन आकडे खांद्याआड.

दुपंखी
तो हूकच. अल्बममध्ये ‘हॉकर ऑडॅक्स’ लिहा, पण क्रमांकावरून फोटोचं साल काढू नका. तो विमानाच्या ऑर्डरबरोबर ठरतो, फोटो त्यानंतर कितीही वर्षांनी निघालेला असू शकतो. उरलेले दोन आकडे खालच्या पंखाच्या पोटावर शोधा, तिथे तोच क्रमांक खूप मोठ्या अक्षरांत रंगवत. उजवीकडच्या माणसाच्या डोक्यामागे त्याची एक कड दिसते आहे, तेवढाच तुकडा २४०० ला स्कॅन करून टाका.