मदत हवी आहे: घरसामान हलवणे आणि गोडाऊनभाडे, सगळ्या बिलावर सरसकट १८% जीएसटी कसा?

नमस्कार.

बदलीमुळे आमचे घरसामान पुण्याहून बंगळूरला न्यायचे आहे, पण तिथल्या फ्लॅटचा ताबा मिळायला अवकाश असल्याने ते मधले काही महिने पुण्यातच पॅकर्स-मूव्हर्सच्या गोडाऊनमध्ये राहील. कोटेशनमध्ये पॅकिंग व हमाली १४,००० रुपये, ट्रकभाडे ३८,००० रुपये, गोडाऊनभाडे दरमहा ४,५०० रुपये आणि सामानाची किंमत ४ लाख धरून तिच्या ३%, म्हणजे १२,००० रुपये ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ असे आकडे आहेत, आणि या संपूर्ण बेरजेवर १८% जीएसटी लावला आहे. मी पगारदार असून माझी जीएसटी नोंदणी नाही.

बिल्टी (माल वाहतुकीसाठी स्वीकारल्याची पावती) देऊन रस्त्याने मालवाहतूक करणारा व्यावसायिक कायद्याने ‘गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी’ ठरतो आणि त्याने नोंदणी नसलेल्या व्यक्तीला दिलेली वाहतूक सेवा ऑक्टोबर २०१७ पासून करमुक्त आहे. शिवाय ९ सप्टेंबर २०२४ रोजी झालेल्या ५४व्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत असे ठरले की, वाहतुकीच्या ओघात दिलेल्या चढाई-उतराई, पॅकिंग, तात्पुरती साठवण यांसारख्या पूरक सेवा वाहतुकीचाच भाग मानाव्यात. मात्र त्या वाहतुकीच्या ओघात दिलेल्या नसतील आणि त्यांचे बिल स्वतंत्र असेल, तर त्यांना वाहतुकीचा भाग मानू नये. यावरून माझे मत असे झाले आहे की पॅकिंग, हमाली आणि ट्रकभाडे या ५२,००० रुपयांवर कर लागू नये. गोडाऊनची गोष्ट निराळी आहे. माझ्या सोयीसाठी महिनोन्महिने ठेवलेल्या सामानाला तात्पुरती साठवण म्हणता येणार नाही, त्यामुळे त्या भाड्यावरील १८% मला मान्य आहे.

कंपनीचे म्हणणे असे की ती केवळ वाहतूकदार नसून घर हलवण्याची संपूर्ण सेवा देते, म्हणून सगळ्यावर १८% लागतो. बिल्टी मात्र तीच देणार आहे. मी अधिक विचारल्यावर ‘बिल नको असेल तर जीएसटी लावत नाही’ असा पर्याय पुढे आला. तो मी नाकारला, कारण कर बुडवणे मला पटत नाही आणि सामानाची मोडतोड झाल्यास हातात कागदही राहणार नाही.

जाणकारांना विनंती आहे की त्यांनी पुढील बाबींत मार्गदर्शन करावे. वाहतुकीचे आणि गोडाऊनचे बिल वेगळे मागणे पुरेसे आहे का, की पॅकिंगची रक्कम त्याच बिलात स्वतंत्र ओळीत दाखवल्यानेही सवलत धोक्यात येते? आमच्या कार्यालयाला खर्चाचे बिल त्यांच्या नावाने हवे आहे. पण तसे केल्यास सेवा घेणारे आमचे कार्यालय ठरेल, मग ही करमुक्तीच उरणार नाही आणि रिव्हर्स चार्जने (म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच कर भरण्याच्या पद्धतीने) ५% कर भरण्याची जबाबदारी कार्यालयावर येऊ शकेल. बिल माझ्या नावाने घेऊन कार्यालयाकडे खर्चाचा परतावा मागितल्यास हे टळेल का? तसेच, विमा कंपनीची पॉलिसी न दाखवता आकारलेल्या ३% रकमेला विमा म्हणता येते का?

असेच प्रकरण कोणी लेखी पत्रव्यवहाराने सोडवले असल्यास, पत्रात नेमका कोणता मुद्दा मांडल्यावर कंपनीने बिल दुरुस्त केले ते कृपया सांगावे. बुकिंगची रक्कम मी अद्याप भरलेली नाही.