जुन्या होंडा सिटीला मोठा ऑइल फिल्टर: शहाणपण की नसती उठाठेव?

जुनी_सिटी_पुणे

गाडी १९९९ची होंडा सिटी, १.५ पेट्रोल, पहिलं मॉडेल. १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. वडिलांची गाडी आहे, दोनदा री-पासिंग करून ठेवली आहे, विकायची नाही. तेव्हा 'नवी घ्या' हा सल्ला कृपया नको.

रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड येते आणि ऑइलचा लाल दिवा जरा रेंगाळून विझतो. नंतर दिवसभर काही नाही. माझा मेस्त्री म्हणाला, "मोठा फिल्टर टाकू, ऑइल जास्त राहील, इंजिन गार राहील." नाना पेठेतून दुसऱ्या एका जपानी गाडीचा फिल्टर आणला. घरी कॅलिपर लावला. सध्याचा डबा ६८ मि.मी. व्यासाचा आणि ७५ मि.मी. उंच, हा ८० बाय ८५. आटे तेच, एम२० बाय १.५ (व्यास २० मि.मी., आट्यांमधलं अंतर १.५ मि.मी.). रबर रिंगचा व्यासही जुळतो.

माझं मत: बसतोय तर लावावा. आतला गाळणीचा कागद जास्त, कचरा जास्त मावणार, ऑइलला वाट मोकळी. मला तरी तोटा दिसत नाही. ज्यांना दिसतो त्यांनी बोला.

सदाशिव_स्पॅनर

"बसतोय तर लावावा" याच न्यायाने आमच्या काकूंनी कुकरला दुसऱ्याच कंपनीची शिट्टी लावली होती. स्वयंपाकघराच्या छतावर डाळीचा डाग अजून आहे.

आटे आणि रिंग जुळली म्हणजे फिल्टर जुळला असं नाही. आत बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद तुंबला किंवा ऑइल थंड आणि घट्ट असलं की तो उघडतो आणि ऑइल न गाळता इंजिनात सोडतो, कारण कोरड्या बेअरिंगपेक्षा गढूळ ऑइल परवडलं. किती दाबाला उघडायचं हे गाडीगाडीला वेगळं असतं. काही इंजिनांत तर हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच (इंजिनाच्या मुख्य धडात) असतो आणि त्यांच्या फिल्टरमध्ये मुळी नसतोच. तुमच्या सिटीच्या फिल्टरमध्ये तो लागतो. आणलेल्या डब्यात आहे का? किती दाबाचा? डब्यावर लिहिलं नसेल तर तुम्ही अंदाजपंचे काम करताय.

ऑइल_बदल_आणि_निवांत

सदाशिवभाऊ, घाबरवताय उगाच. बायपास हवाच, तिथं एकमत. पण मोठ्या फिल्टरचा खरा फायदा त्या बायपासलाच होतो. कागदाचं क्षेत्रफळ जास्त म्हणजे तेवढंच ऑइल कमी अडथळ्याने जातं, म्हणजे फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक कमी, म्हणजे बायपास उघडायची वेळ कमी येते. आपल्याकडे जुन्या गाडीत सर्रास २०डब्ल्यू-५० हे घट्ट ग्रेडचं ऑइल ओततात. डिसेंबरात पहाटे ते पाकासारखं असतं. लहान फिल्टर तेव्हा जास्त वेळ बायपासवर चालतो.

धागाकर्त्याच्या मापांवरून हिशेब केला. जुन्या डब्याचं आकारमान साधारण २७२ घन सें.मी., नव्याचं ४२७. दीडपटीहून जास्त. याला नसती उठाठेव म्हणत नाहीत.

सदाशिव_स्पॅनर

डबा दीडपट. कागद किती? डबा मोठा आणि आत घड्या मोजून तीस, असे फिल्टर मी फोडून पाहिलेत. बिस्किटाच्या पुड्यासारखं, अर्धी हवा.

खंबाटकीत_अडकलेला

आट्यांवरून माझं ऐका, मग भांडा.

गाडी कोरोला, १.८ पेट्रोल. तिच्या स्टडचे (फिल्टर ज्यावर फिरवून बसवतात तो इंजिनावरचा दांडा) आटे पाऊण इंची, इंचाला १६. म्हणजे १९.०५ मि.मी. व्यास आणि आट्यांमधलं अंतर १.५९ मि.मी.च्या आसपास. एम२०चा व्यास २० आणि अंतर १.५. डोळ्याला दोन्ही सारखेच. आणि फसवणूक अशी की एम२०चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर आरामात चढतो. जरा सैल फिरतो, पण रबर दाबलं गेलं की घट्ट झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आटे एकमेकांना नुसते टोकाला धरून असतात.

एका गॅरेजने मला तो तसाच चढवून दिला. शहरात आठवडाभर काही झालं नाही. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चढण घेतली आणि लाल दिवा लागला. जागेवर बंद केली म्हणून इंजिन वाचलं. मागे पाहिलं तर रस्त्यावर दोनशे फूट काळी रेघ. हातात घेतला तेव्हा फिल्टर न फिरवताच निघाला.

तुमच्या बाबतीत धोका उलटा आहे. होंडाचा स्टड एम२०, त्यामुळे पाऊण इंची फिल्टर त्यावर चढणारच नाही. तरी दुकानदाराच्या "सेम आहे साहेब" वर जाऊ नका. पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायच्या पात्या) फार महाग नसतो.

जुनी_सिटी_पुणे

@खंबाटकीत_अडकलेला बाप रे. पिच गेज लावूनच बघितलंय, १.५ची पाती दोन्ही फिल्टरांत चपखल बसते.

@सदाशिव_स्पॅनर डब्यावर बायपासचा आकडा नाही. भोकातून टॉर्च मारली तर तळाशी स्प्रिंग दिसते.

कोल्हापुरी_पिस्टन

भावा, स्प्रिंग दिसली म्हणून बायपास झाला काय? कित्येक डब्यांत नुसती कार्ट्रिज (आतली कागदाची गुंडाळी) दाबून धरायला पत्र्याची स्प्रिंग असते. फोडल्याशिवाय कळत नाही.

आन् एक इचारतो. साडेतीन लिटरच्या आतलं ऑइल तू दर किती किलोमीटरला बदलतोस?

जुनी_सिटी_पुणे

दर पाच हजारला, फिल्टरसकट.

कोल्हापुरी_पिस्टन

मग विषय संपला की. पाच हजारात चांगल्या इंजिनचा फिल्टर तुंबतच नाही, मग मोठं भांडं कशाला?

आमच्याकडं १९९७ची स्प्लेंडर आहे. तिला कागदी फिल्टरच नाही. तळाला एक जाळी, आन् क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) फिरणारा रोटर, त्यात जड कचरा फेकला जाऊन कडेला चिकटतो. चुलत्यांनी ऑइल कधी चुकवलं नाही, गाडी लाखाच्या वर पळाली. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटललाही नुसती जाळी होती, ऑइल वेळेवर बदलायचं हाच फिल्टर. ज्याला ऑइल बदलायचा कंटाळा त्यानं मोठा फिल्टर शोधावा.

ऑइल_बदल_आणि_निवांत

स्प्लेंडर शंभर सीसीची, एक सिलिंडर. तिच्यावरून चार सिलिंडरच्या इंजिनाचा न्याय लावायचा? स्प्लेंडरला मोठा फिल्टर नाही म्हणून सिटीलाही नको, हे तर्कशास्त्र मला झेपलं नाही.

मिशिगनहून_मामा

इकडचं सांगतो. अमेरिकेत हा जुना खेळ आहे. फोर्डचा एफएल-१ए म्हणून लांबोडका फिल्टर मिळतो, पाऊण इंची आट्यांचा. १९९१ नंतरच्या जीप चेरोकीच्या ४ लिटर इंजिनाला मूळचा बुटका फिल्टर काढून लोक तो लावतात. माझ्याकडे तशीच चेरोकी आहे, बारा वर्षं मीही तेच करतोय.

फायदा? मोजता आलेला नाही. तोटा? तोही नाही. फिल्टरमध्ये ऑइल थोडं जास्त मावतं, तेवढं जास्त ओतावं लागतं. "इंजिन गार राहतं" हे मात्र विसरा. पत्र्याच्या डब्यातलं शंभर-दीडशे मिली ऑइल काही रेडिएटर नव्हे.

पण जीपच्या बॉनेटखाली मांजर बाळंत होईल एवढी जागा असते. तुमच्या सिटीत फिल्टर ब्लॉकच्या मागे, इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) तोंड करून. १२ मि.मी. जास्त व्यास तिथं हात घालताना कळेल. चढेलही, पण पुढच्या वेळी काढायला चेन पाना शिरेल का?

टॅपेट_तपासनीस

सगळे फिल्टरच्या पोटावर भांडताय, मूळ तक्रार कोणी वाचलीच नाही. सकाळी खडखड आणि दिवा रेंगाळतो, ही तक्रार आहे.

या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतला गॅप ऑइलच्या दाबाने आपोआप भरून काढणारे) नाहीत. स्क्रू आणि नट, फीलर गेज घालून गॅप लावायचा. त्यामुळे नुसती टॅपेटची खडखड असती तर ती दोन सेकंदांत गेली नसती, गरम होईपर्यंत टिकटिकली असती. आवाज दोन-तीन सेकंद आणि त्याच वेळी दिवा, याचा अर्थ रात्रभरात फिल्टर रिकामा होतोय. पंपाला आधी डबा भरावा लागतो, मग ऑइल वर पोचतं.

फिल्टरच्या तोंडाशी आतून एक रबरी चकती असते, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. ऑइल मागे वाहू नये म्हणून. तुमच्याकडे फिल्टर आडवा आहे, म्हणजे ती चकती फार महत्त्वाची. स्वस्तातल्या फिल्टरात ती साध्या नायट्राइल रबराची असते, उष्णतेने कडक होते आणि मग नीट बसत नाही. सिलिकॉनची जास्त दिवस लवचीक राहते.

आता विचार करा. चकती गळकी असेल तर मोठा डबा म्हणजे सकाळी भरायला जास्त रिकामी जागा. खडखड दोन सेकंदांची साडेतीन होईल. हाच तुम्ही विचारलेला तोटा.

शेवटचा फिल्टर कुठून घेतला होता?

जुनी_सिटी_पुणे

खरं सांगायचं तर माहीत नाही. मेस्त्रीने आणला होता, डब्यावर नाव ओरिजिनलचं होतं. बिलावर नुसतं 'फिल्टर १ नग'.

सदाशिव_स्पॅनर

म्हणजे डुप्लिकेट. मोठा का छोटा हा प्रश्नच नव्हता, खरा का खोटा हा होता.

ऑइल_बदल_आणि_निवांत

@टॅपेट_तपासनीस तुमचा मुद्दा मान्य, मी तक्रारीकडे दुर्लक्ष केलं. पण वाक्य पूर्ण करा: चकती *गळकी असेल तर* मोठा डबा वाईट. चकती चांगली असेल तर डबा रात्रभर भरलेलाच राहतो, मग आकाराने काय फरक पडतो? उत्तम प्रतीचा मोठा फिल्टर विरुद्ध उत्तम प्रतीचा लहान, अशी तुलना करा. डुप्लिकेट लहानशी कसली तुलना?

टॅपेट_तपासनीस

तुलना मान्य. पण त्यात मोठा जिंकला तरी जिंकून मिळवणार काय, हे कोल्हापूरकरांनी विचारलंच आहे. पाच हजारांत न भरणारा फिल्टर आणि पाच हजारांत अजिबातच न भरणारा फिल्टर.

जुनी_सिटी_पुणे

दहा दिवसांनी येतोय. काय केलं ते सांगतो.

आधी होंडाच्या अधिकृत काउंटरवरून मूळ मापाचा फिल्टर आणला, बिल घेऊन. शनिवारी गाडी रॅम्पवर घेतली आणि या वेळी मेस्त्रीच्या शेजारी उभा राहिलो. जुना फिल्टर काढताना जाणवलं: आडवा असलेला फिल्टर सोडवला की त्यातून भळभळ ऑइल यायला हवं, ड्राइव्ह शाफ्टवर सांडतं म्हणून मेस्त्री खाली फडकं धरतो. या खेपेला जेमतेम चहाच्या कपाएवढं आलं. गाडी रात्रभर उभी होती. म्हणजे खरंच रिकामा होत होता.

चकतीत बोट घातलं. ताज्या फिल्टरची चकती कानाच्या पाळीसारखी दबते. हिची कडा नखाने टकटक वाजत होती, आणि एका बाजूला वर उचललेली.

नवा लावला. मेस्त्री पाना घेऊन आवळायला निघाला होता, त्याला थांबवलं. रबराला ऑइल लावून हाताने टेकेपर्यंत, मग पाऊण फेरा, बस. आधी ब्लॉकवर जुनी रिंग चिकटून राहिली नाही ना, हेही बोट फिरवून पाहिलं. आठ सकाळी झाल्या, खडखड नाही. दिवा किल्ली सोडेपर्यंत विझतो.

मोठा फिल्टर नुसता धरून पाहिला. जातो. मामा म्हणाले तसं, चेन पान्याला जागा उरत नाही, पण हाताने सुटेल असं वाटतं.

सदाशिव_स्पॅनर

"हाताने सुटेल असं वाटतं" हे वाक्य पाच हजार किलोमीटरनंतर परत वाचा.

ऑइल_बदल_आणि_निवांत

अभिनंदन. पण याने मोठ्याच्या विरोधात काहीच सिद्ध होत नाही. तुम्ही खोटा काढून खरा लावलात, एवढंच.

जुनी_सिटी_पुणे

ते मलाही पटतंय. म्हणून मोठा कपाटात ठेवलाय. आत्ताचा पाच हजारांनंतर काढला की तो कापतो आणि त्याच्याबरोबर मोठाही कापतो, न वापरताच. घड्या मोजू, कागद टेपने मोजू, बायपास आहे का बघू. मग ठरवू.

कोल्हापुरी_पिस्टन

वापरलेला हॅकसॉनं कापू नको भावा. लोखंडाचा भुगा कागदात बसतोय, मग इंजिनचा कचरा कुठला आन् करवतीचा कुठला कळत न्हाई. पाइप कटरसारखा फिल्टर कटर मिळतो, तो घे. नसला तर माझा पाठवतो, पुण्याला येणारी गाडी रोजच असते.