विषय: उत्तर: उष्णतेची लाट – एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना फोन

सर्वांना नमस्कार,
परवापासून चार-पाच दिवस पारा चढलेला राहणार आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना रोज सकाळी फोन करायचं ठरतंय. कोणकोण करेल, कळवा.
– सचिव

---

सचिवताई,
मी चार घरं घेते. पण नुसत्या फोनवर विसंबू नका. मागच्या उन्हाळ्यात बाबांना मी दिवसातून दोनदा फोन करत होते. दर वेळी एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय!" तिसऱ्या दिवशी रात्री दहाला जाऊन बघते तर खिडक्या बंद, अंगात हाफ स्वेटर, समोर टीव्ही. खोलीत ३४ अंश. मी आदल्या दिवशी भरून ठेवलेली पाण्याची बाटली तशीच. जीभ कोरडी ठाक, आणि मला त्यांनी दोनदा आईच्या नावाने हाक मारली.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ना तहान लागली होती, ना गरम होत होतं. त्या रात्री दवाखान्यात सांगितलं की वयानुसार दोन्ही जाणिवा मंदावतात, घामही कमी येतो. म्हणून "कसे आहात?" विचारण्यात अर्थ नाही. खोलीतलं तापमान किती, लघवीला शेवटचं कधी गेलात, रंग गडद होता का, हे विचारा. लाजू नका.

---

ताई, आईच्या नावाने हाक मारली ही त्यातली सर्वांत गंभीर खूण. उकाड्यात बोलणं असंबद्ध झालं, झोक जाऊ लागला, तर उष्माघात समजून लगेच रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. गार जागी न्या, कपडे उतरवा, अंग पाण्याने ओलं करून वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पॅरासिटामॉलही नको, हा ताप तिने उतरत नाही.

आणि धोका उन्हातच असतो हा समज काढून टाका. २०२१ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आलेल्या लाटेत ६१९ माणसं गेली. तिथल्या कॉरोनरच्या (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) अहवालाप्रमाणे त्यातले ९८ टक्के मृत्यू घरात किंवा इमारतीच्या आत झाले, आणि निम्म्याहून जास्त जण एकटे राहत होते. खोली रात्रीही गार होत नसेल तर शरीराला उसंतच मिळत नाही. तापमान ४० च्या वर गेलं की नुसत्या पंख्यावर भागत नाही, तो गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी दिवसातले दोन-तीन तास तरी एसी असलेल्या ठिकाणी न्या.
– यादीतला निवृत्त डॉक्टर

---

डॉक्टरकाका, सासूबाईंना हृदयविकारामुळे दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय, शिवाय लघवी होण्याची गोळी चालू आहे. त्यांना पाणी पाजायचं की नाही? आणि तीन महिन्यांच्या बाळाला वरचं पाणी द्यावं का?

---

सासूबाईंचं मनाने काही करू नका. पाणी वाढवायचं नाही, गोळीही बंद करायची नाही. लाट यायच्या आत, म्हणजे उद्याच, त्यांच्या डॉक्टरांना फोन करून डोस आणि पाण्याचं प्रमाण विचारून घ्या. लिथियम किंवा मानसिक आजारावरची इतर औषधं घेणाऱ्यांनीही तसंच करावं. या मंडळींना उकाडा लवकर बाधतो, आणि आपल्या लक्षातच येत नाही. इन्सुलिन खिडकीत ठेवू नका.

बाळाला वरचं पाणी नको. अंगावर पाजत असाल तर जास्त वेळा पाजा. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून दुपटं टाकू नका, आत भट्टी होते.

---

सगळ्यांचे आभार. बेत बदलला आहे: सकाळी फोन, संध्याकाळी दारात प्रत्यक्ष एक फेरी. प्रत्येक घरी खोलीचं थर्मामीटर ठेवू, माझ्याकडे सहा आहेत. ताई, बाबांची बाटली भरलेली दिसली तर या वेळी मीच रागावेन.
– सचिव