मदत हवी आहे: पंच आउट झाल्यावर झडतीच्या रांगेत जाणाऱ्या वेळेचा पगार मागता येतो का?

मंडळी, कायद्यातलं कळणाऱ्यांनी जरा मार्गदर्शन करा.

मी गोदामात पॅकिंगला आहे. शिफ्ट संपली की आधी आउट पंच करायचं, मग गेटवर झडती. बॅग, खिसे, कधी कधी बूटसुद्धा. माणसं शंभरावर आणि तपासणारे दोघे, त्यामुळे रोजची पंधरा-वीस मिनिटं जातात. सुपरवायझर म्हणतो, "पंच झालं की ड्यूटी संपली." संपली तर सोडा की! महिन्याचा हिशेब केला तर जवळजवळ एक अख्खी शिफ्ट फुकट जाते.

शोधाशोध केली तर डोकं अजूनच फिरलं. अमेरिकेत ॲमेझॉनच्या गोदामात कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांनी हाच दावा लावला होता, रोज सुमारे २५ मिनिटांचा. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. तुम्हाला माल काढायला आणि पॅक करायला ठेवलंय, झडती द्यायला नाही, असा एकूण सूर. पण २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲपलच्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. तिथल्या राज्याच्या नियमात प्रश्न एवढाच, की त्या वेळी माणूस मालकाच्या ताब्यात होता का? कंपनी म्हणे, बॅग आणि आयफोन आणायची सक्ती कुठे आहे? त्यावर कोर्टाने त्यांच्याच मोठ्या साहेबांचं बोलणं काढलं, की आयफोनशिवाय घराबाहेर पडायचं कुणाच्या मनातही येत नाही. (हे वाचून एकटाच हसलो.)

तर माझी अडचण अशी, की पंचनंतरच्या वेळेची कुठेच नोंद नाही. पुरावा काय धरायचा? आणि अर्ज एकट्याने द्यावा की सगळ्यांच्या सह्या घेऊन?

प्रतिसाद:
एकट्याने नको, नजरेत याल. आजपासून वहीत रोज तारीख, पंचची वेळ आणि गेटबाहेर पडल्याची वेळ लिहा. शेजारच्या दोघा-तिघांनाही स्वतंत्रपणे लिहू द्या, एकाची बघून दुसऱ्याने उतरवू नये. नेमणूक पत्रात कामाची वेळ कशी मोजतात ते वाचा. अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. थकलेल्या पगाराच्या दाव्याला मुदत असते, तेव्हा वर्षभर विचार करत बसू नका. आणि झडतीला नकार देऊ नका, भलतंच प्रकरण अंगाशी येईल.

धागाकर्ता:
आभार. एक आत्ता आठवलं. झडती झाली की गेटवरचा माणूस रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ लिहून आमची सही घेतो. ते रजिस्टर मागता येतं का?