मूल नसलेल्या जोडप्याने कुटुंबांसाठीच्या क्रूझवर जावे का?

पऱ्हाटी (हिंगणघाट तालुका)

सर्वांना नमस्कार. मी एका लहान गावात शेती करतो आणि माझी पत्नी शेजारच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. माझे वय ४९, तिचे ४५. आम्हाला मूल नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे कोणी उपचारांचे सल्ले देणार नाही. त्या वाटेने आम्ही अकरा वर्षे चाललो आणि स्वखुशीने परत फिरलो. यंदा लग्नाला २० वर्षे होतील. समुद्र आम्ही आजवर गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून, तोही दीड दिवसच पाहिला आहे. म्हणून मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजावर तीन-चार दिवस काढावेत, असे पत्नीच्या मनात आहे.

वर्ध्याच्या एजंटाने जे माहितीपत्रक हातात दिले, त्यात मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आईवडील आणि दोन मुले एवढेच दिसले. घसरगुंडीवर मुले, केक कापताना मुले, कप्तानाची टोपी घातलेले मूल. सवलतही अशी की दोन मोठ्यांच्या खोलीत मुले राहिली तर त्यांचे भाडे नाममात्र. आम्ही दोघेच असल्यामुळे ती आमच्या काही कामाची नाही, हे एजंटाने जरा ओशाळूनच सांगितले.

पत्नीला मुलांचा कंटाळा नाही. तरीही वर्षभर पस्तीस मुलांचा गलबला ऐकल्यावर सुट्टीतही तोच ऐकण्यासाठी पैसे मोजावेत का, असे ती विचारते. माझी धास्ती वेगळी आहे. गावातल्या लग्नात पंगतीला बसलो की चौकशी होते आणि आम्ही जेवण आटोपून घरी येतो; जहाजावरून मधेच घरी कसे येणार? शिवाय तिला मोठी सुट्टी दिवाळीत आणि उन्हाळ्यातच मिळते आणि नेमक्या त्याच वेळी सगळी कुटुंबे बाहेर पडतात. ज्यांना अनुभव आहे त्यांनी या खर्चात आमच्यासारख्यांच्या पदरात नक्की काय पडते, ते मोकळेपणाने लिहावे.

आंबिया बहार (वरूड तालुका)

नमस्कार भाऊ. आम्हीही दोघेच. मी डाकघरातून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी, मे महिन्यात, आम्ही समुद्रावरची अशी सहल केली. जहाजाचे नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार जहाजापेक्षा मी निवडलेल्या महिन्याविषयी अधिक आहे.

पहिल्या रात्री आम्हाला सहा जणांच्या टेबलावर बसवले. समोर नागपूरचे एक कुटुंब होते आणि माणसे मनाने चांगली होती. सूप यायच्या आधीच त्या बाईंनी माझ्या पत्नीला विचारले, “लेकरं कोणाजवळ ठेवून आले जी?” पत्नीने सरळ सांगितले की आम्हाला लेकरे नाहीत. त्यानंतर टेबलावर जी शांतता पसरली, ती मोडण्यासाठी त्यांच्या यजमानांनी त्यांच्या ओळखीच्या एका वैद्यांचा पत्ता सांगायला सुरुवात केली. माझे वय तेव्हा ६० होते! दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्यवस्थापकाकडे जाऊन दोघांचे वेगळे टेबल मागितले आणि ते लगेच मिळाले. आधीच मागितले असते तर पहिली रात्रही वाचली असती. तुमच्या धास्तीला माझे उत्तर एवढेच आहे की जहाजावर पंगत नसते. जागा मागून घेता येते, आणि मागताना कारण सांगावे लागत नाही.

दुसरा अनुभव खोलीचा. आमच्या खोलीच्या भिंतीत एक बंद दार होते आणि ते शेजारच्या खोलीत उघडणारे होते. मोठ्या कुटुंबांना दोन खोल्या जोडून देता याव्यात म्हणून अशी दारे ठेवलेली असतात, हे मला नंतर कळले. दाराला कुलूप असले तरी आवाजाला ते अडवत नाही. पलीकडे दोन भावंडे होती आणि रात्री साडेअकरापर्यंत त्यांचा चेंडू त्या दारावर आपटत होता. दुसऱ्या रात्री दाराखालच्या फटीतून एक कागद सरकत आला. त्यावर हिरव्या खडूने मासा काढलेला होता. पत्नीने त्या माशाला मिशा काढल्या आणि कागद परत सरकवला. मग पलीकडे जे हसू फुटले, त्यामुळे आणखी अर्धा तास कोणी झोपले नाही. आजही त्या सहलीतले काय आठवते असे तिला विचारले, तर ती गोव्याचे नाव घेत नाही, त्या माशाचे घेते. आणि त्या रात्री माझी झोप झाली नाही, हेही तितकेच खरे आहे. तुम्ही खोली घेताना मधले दार नसलेलीच मागा.

गॅलीतला आचारी (ब्रह्मपुरी तालुका)

मी परदेशी प्रवासी जहाजांच्या स्वयंपाकघरात सहा वर्षे काढली असून आता गावी खानावळ चालवतो. पाहुणा म्हणून मी जहाजावर कधीच गेलो नाही, पण कोणता पाहुणा कुठे आणि कधी असतो, हे भांड्यांवरून आम्हाला कळत असे.

बऱ्याच मोठ्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतात. पहिली पाळी सहाच्या सुमारास असते आणि लहान मुलांची कुटुंबे तीच घेतात, कारण मुलांना भूकही लवकर लागते आणि झोपही. आठ-साडेआठच्या दुसऱ्या पाळीत बहुतेक मोठी माणसे असतात. तीच खोली, तेच वाढपी आणि तेच पदार्थ असूनही वातावरण देवळाच्या सभामंडपासारखे शांत असते. नोंदणी करतानाच दुसरी पाळी मागावी, कारण नंतर जागा उरत नाही.

मुलांसाठी जहाजावर वेगळा कक्ष असतो आणि तेथे वयोगटांप्रमाणे खेळ घेण्यासाठी माणसे नेमलेली असतात. तुम्हाला वाटेल की ही सोय आईवडिलांची आहे. प्रत्यक्षात ती तुमचीही आहे, कारण दिवसभर निम्मी मुले त्या कक्षातच असतात. ज्या जहाजावर हा कक्ष मोठा आणि चांगला असतो, त्या जहाजाचा बाकीचा भाग शांत राहतो. म्हणून माहितीपत्रकात मुलांचे फोटो अधिक आहेत म्हणून दचकू नका. मुलांकडे ज्यांनी लक्षच दिलेले नाही अशा जहाजावर मुले व्हरांड्यातून पळत असतात.

काही कंपन्या मोठ्यांसाठी जागाच राखून ठेवतात. रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवर सोलॅरियम नावाचा भाग १६ वर्षांवरील पाहुण्यांसाठी असतो. डिस्नेचे पहिले जहाज, डिस्ने मॅजिक, १९९८ साली समुद्रावर आले तेव्हापासून त्यावर १८ वर्षांवरील पाहुण्यांसाठी वेगळा तलाव आणि पालो नावाचे वेगळे उपाहारगृह आहे. म्हणजे ज्या कंपनीचे नावच मुलांच्या करमणुकीवर उभे आहे, तिलाही मोठ्यांची सोय करावी लागली. मुंबईहून सुटणारे कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस हे १९९० साली बांधलेले, आजच्या मानाने मध्यम आकाराचे जहाज आहे. मध्यम जहाजावर तलावाकाठी दुपारी गर्दी जाणवणारच, हे गृहीत धरून चला. ज्या दिवशी जहाज बंदराला लागते त्या दिवशी मात्र बहुतेक कुटुंबे उतरतात आणि जहाज रिकामे होते. गोवा तुम्ही पुन्हा कधीही रेल्वेने पाहू शकता. त्या दिवशी तुम्ही जहाजावरच राहिलात तर तलाव तुम्हा दोघांचाच.

महिन्याबद्दल एक सांगतो. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तुम्हाला वाटेल की मुंबई-पुण्याची मुले शाळेत गेलेली असताना मॅडमना सुट्टी असते, तोच आठवडा साधावा. तो साधू नका. त्या दिवसांत अरबी समुद्र खवळलेला असतो. आणि सिंगापूरहून जावे म्हटले, तर तिकडच्या शाळांची मधली सुट्टी नेमकी जूनमध्येच असते. मॅडमना किरकोळ रजा मिळत असेल तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी उत्तम. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असल्याने घरोघरी सहली बंद असतात आणि भाडेही सुट्टीतल्यापेक्षा उतरलेले असते. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. हेलकावे तेथे कमी लागतात. तलावाच्या किंवा स्वयंपाकघराच्या बरोबर खालची खोली घेऊ नका. वर पहाटे चारला आमच्या ट्रॉल्या फिरू लागतात.

पुसदची परिचारिका

मी अविवाहित आहे, वय ४२, आणि मैत्रिणीबरोबर अशा जहाजावर एकदा जाऊन आले आहे. वरच्या दोघांनी मुलांच्या आवाजाचाच विचार केला आहे, म्हणून मी दुसरी बाजू मांडते. आमच्या खेपेला शनिवार-रविवार जोडून आला होता आणि जहाजावर मित्रमंडळींचे जथे होते. मुले दहा वाजता झोपतात हो! पहाटे तीनपर्यंत जिन्यात गाणी म्हणणारे सगळे चाळिशीच्या आसपासचे होते. त्या दोन दिवसांत मला कुटुंबांचा आधारच वाटला. ज्या डेकवर आज्या स्वेटर विणत बसल्या होत्या, त्या डेकवर आम्ही दोघी रात्री अकरापर्यंत निर्धास्त बसलो होतो. लहान मुले नसलेले जहाज शांत असेल, हा समज मी त्या सहलीत सोडून दिला. तुम्हाला शांतता हवी असेल तर मधल्या वारांची सहल घ्या.

पैशांचेही नीट पाहावे. जाहिरातीतला दर हा दोघांनी एक खोली वापरल्यास प्रत्येकी किती, असा असतो. त्यावर बंदराचे शुल्क, कर आणि सेवाशुल्क वेगळे लागते. दोघांच्या खोलीत तिसरे-चौथे माणूस स्वस्तात जाते, म्हणून कुटुंबाला सरासरी कमी पडते; तुम्हाला पूर्ण दर पडेल. माझ्यासारखी एकटी गेली तर दुसऱ्या रिकाम्या खाटेचेही बरेचसे पैसे तिच्याकडूनच घेतात, त्यामुळे मैत्रीण शोधावी लागते. त्या मानाने तुम्ही बरे आहात. जहाज भर समुद्रात गेले की मोबाइलला रेंज नसते आणि तेथील इंटरनेट महाग असते, म्हणून विहिरीवरची मोटर आणि गोठा कोणावर सोपवून जाणार, ते आधी ठरवा. वाटेत उलट्या होऊ नयेत म्हणून असलेली गोळी निघण्यापूर्वी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल वेगळे येते.

गाविलगड (अचलपूर)

मला हा सगळाच खटाटोप अनाठायी वाटतो. मुले नकोतच अशी जहाजे जगात आहेत. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर १८ वर्षांखालील कोणालाच घेत नाहीत आणि ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची आर्केडिया व ऑरोरा ही जहाजेही केवळ मोठ्यांसाठी आहेत. पैसे साठवून एकदाच तिकडे जावे. नाहीतर चिखलदऱ्याला या. पावसाळ्यात धुके असे उतरते की शेजारच्या माणसाला तुमचे तोंडही दिसत नाही, मग तो विचारणार काय?

पऱ्हाटी (हिंगणघाट तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. गाविलगड भाऊ, चिखलदऱ्याला आम्ही चार वेळा आलो आहोत आणि पुन्हाही येऊ, पण पत्नीला पाणी पाहायचे आहे, धुके नाही. आणि परदेशातून सुटणाऱ्या जहाजासाठी विमान आणि व्हिसा यांचा खर्च जोडला तर यंदाच्या कापसाच्या भावात ते बसत नाही.

काल रात्री तुमची सर्व उत्तरे मी तिला वाचून दाखवली. आचारी भाऊंचे म्हणणे तिला एकदम पटले. मुलांना काम दिले नाही तर वर्ग डोक्यावर घेतात, हे शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही, असे ती म्हणाली. शेवटची वेचणी जानेवारीत उरकते, तूर घरी येते आणि हरभरा सोंगायला फेब्रुवारीचा शेवट उजाडतो, त्यामुळे मधले पंधरा दिवस मलाही मोकळे आहेत. तिच्या किरकोळ रजा शिल्लक आहेत. आज एजंटाला फोन करून फेब्रुवारीतली, सोमवारी सुटणारी सहल, दुसरी पाळी, दोघांचे टेबल आणि मधले दार नसलेली खोली अशा चार गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या. तो म्हणाला, “काकाजी, एवढं तर आजवर कोणीच विचारलं नाही.” विदर्भ एक्सप्रेसने आदल्या संध्याकाळी वर्ध्याहून निघालो की सकाळी मुंबईत पोहोचू आणि जहाजावर चढायला दुपार मोकळी राहील.

आंबिया बहार काकाजी, एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारायची राहिली. खोलीचे बोलणे झाल्यावर पत्नी बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली की मधले दार असलेली खोली मिळाली तरी चालेल, खडू मी नेईन. एजंटाला मी अजून काही कळवलेले नाही. तुमच्या त्या दाराची फट कागदापुरतीच होती, की उजेडही यायचा?

आंबिया बहार (वरूड तालुका)

उजेडही यायचा. डोळ्यांवर बांधायला एक पंचा सोबत ठेवा.